मुलांची न दिसणारी वेदना : कश्यपसंहितेपासून खडवलीपर्यंत (थ्रेड)

१/ खडवली हे कल्याण–कसारा मार्गावर टिटवाळा आणि वासिंद यांच्यामधले स्थानक. जवळूनच भातसा वाहते. गेल्या वर्षी आमच्या शेजारची बारा वर्षांची मुलगी नदीतल्या खडकावरून घसरली आणि तिचा घोटा मुरगळला. एक्स-रे काढला, हाड शाबूत निघाले. तीन आठवड्यांत सूज ओसरली. वेदना मात्र ओसरली नाही. ती वाढत गेली.

२/ पाय कधी लालसर दिसे, कधी निळसर. दुसऱ्या पायापेक्षा तो गार लागे. मोजा घालवत नसे. रात्री चादरीचा स्पर्श झाला तरी ती दचकून उठे. "आजी, पायाखाली निखारे ठेवल्यासारखं होतंय," असे ती सांगे. पाच महिन्यांत तीन दवाखाने झाले. दोन ठिकाणी मी सोबत होते. तिन्ही केसपेपरांवर तिच्या त्या वाक्याच्या जागी एकच शब्द होता : 'पेन'. पुढे अधिकाचे चिन्ह. तिसऱ्या ठिकाणी तर आईला हळूच विचारले गेले, "शाळेत काही त्रास आहे का? काही मुली लक्ष वेधायला असं करतात."

३/ चौथ्या ठिकाणी एका डॉक्टरांनी कापसाचा बोळा घेतला, तिला डोळे मिटायला सांगितले आणि आधी चांगल्या, मग दुखऱ्या पायावरून तो अलगद फिरवला. दुसऱ्या वेळी तिने पाय झटक्याने ओढून घेतला. त्यांनी तिला पुन्हा सगळे सांगायला लावले आणि ऐकून घेतले. निदान त्या पंधरा मिनिटांत झाले.

४/ मी इतिहासाची विद्यार्थिनी आहे, वैद्यकाची नव्हे. हा थ्रेड म्हणजे औषधोपचाराचा सल्ला नाही. परंतु केसपेपर हा एक दस्तऐवज आहे, आणि दस्तऐवजात काय उतरले व काय गळले हे पाहणे हेच आमचे काम. माझे म्हणणे असे : मुलांच्या मज्जातंतूजन्य वेदनेचे निदान रखडते, ते यंत्रे नसल्यामुळे कमी आणि मुलाच्या शब्दाला पुरावा न मानण्याच्या सवयीमुळे अधिक. या सवयीला मोठा इतिहास आहे.

५/ आधी ही वेदना कोणती ते पाहू. बोट कापले की मज्जातंतू मेंदूला निरोप देतात आणि आपल्याला दुखते. इथे निरोप्या शाबूत असतो. मज्जातंतूजन्य वेदनेत निरोप्याच बिघडलेला असतो. जखम नसताना तो जखमेचा निरोप देत राहतो. साध्या स्पर्शालाही चटका म्हणून कळवतो. मुलांमध्ये ती मज्जातंतूला इजा झाल्यावर, एखादी शस्त्रक्रिया झाल्यावर, रक्ताच्या कर्करोगावरील व्हिनक्रिस्टीनसारख्या औषधामुळे, कुष्ठरोगात किंवा फॅब्रीसारख्या दुर्मीळ आनुवंशिक आजारात उद्भवू शकते. आमच्या शेजारच्या मुलीला झालेला 'कॉम्प्लेक्स रीजनल पेन सिंड्रोम' हा काटेकोर व्याख्येने तिचा सख्खा नसला तरी चुलत भाऊ खराच.

६/ या वेदनेची अडचण अशी की ती चित्रात येत नाही. एक्स-रेमध्ये हाडे दिसतात, मज्जातंतू नव्हे. मज्जातंतूंचा वेग मोजणारी नेहमीची चाचणी जाड तंतूंची परीक्षा करते. वेदना वाहून नेणारे बारीक तंतू तिच्यातून निसटतात. म्हणजे 'रिपोर्ट नॉर्मल' याचा अर्थ 'वेदना नाही' असा होत नाही. इतिहासाच्या वर्गातही हेच शिकवतात : साधन मिळाले नाही म्हणून घटना घडलीच नाही असे म्हणता येत नाही.

७/ आता मागे जाऊ. बालरोगांवरील आयुर्वेदीय ग्रंथ 'कश्यपसंहिता' याच्या सूत्रस्थानात 'वेदनाध्याय' नावाचा एक अध्याय आहे. त्यातला प्रश्न आजचाच आहे : ज्या बाळाला बोलता येत नाही, त्याची वेदना वैद्याने ओळखावी कशी? उत्तरादाखल खुणा दिल्या आहेत. डोके दुखत असेल तर बाळ डोके सारखे हलवते, डोळे मिटते. कान दुखत असेल तर हात कानाकडे नेते. पोटात शूळ असेल तर स्तन नाकारते, रडते, पोट ताठ होते.

८/ या ग्रंथाच्या काळाविषयी विद्वानांत एकमत नाही. आज जो पाठ आपण वाचतो तो नेपाळमधील हस्तलिखितावर आधारलेला असून १९३८ मध्ये मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यातून प्रसिद्ध झाला. 'आपल्याकडे सर्व काही आधीच होते' असे म्हणण्यासाठी मी हा दाखला देत नाही. मज्जातंतूंचे शास्त्र त्यात नाही. महत्त्वाचे आहे ते गृहीतक : मूल बोलत नाही, तरी त्याला वेदना आहे, ती ओळखण्याची जबाबदारी वैद्याची आहे, सिद्ध करण्याची जबाबदारी मुलाची नाही.

९/ आधुनिक वैद्यक दीर्घकाळ नेमके याच्या उलट गृहीतकावर चालले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात असे दिसून आले की नवजात अर्भकाच्या अनेक मज्जातंतूंवर मायलिनचे आवरण अजून पूर्ण चढलेले नसते. त्यावरून अनुमान निघाले : आवरण नाही, म्हणजे वेदना नाही. १९४१ मध्ये मर्टल मॅकग्रॉ यांनी अर्भकांना टाचणी टोचून त्यांच्या प्रतिक्रिया नोंदवल्या; त्यांच्या अभ्यासाचा आधार घेऊन नवजाताच्या वेदनेला पुढे कमी लेखले गेले. मौज अशी की प्रौढ माणसातही वेदना वाहणाऱ्या तंतूंपैकी पुष्कळांवर ते आवरण मुळी नसतेच.

१०/ मज्जातंतूजन्य वेदनेचा इतिहास युद्धभूमीवर सुरू होतो. अमेरिकन यादवी युद्धात फिलाडेल्फियाच्या रुग्णालयात सायलस वेअर मिचेल आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी गोळीने मज्जातंतू दुखावलेल्या सैनिकांची वर्णने लिहून ठेवली. जखम भरली तरी आग थांबत नाही. सैनिक हात सतत ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात. त्यांचा ग्रंथ १८६४ चा. पुढे मिचेल यांनी या आगीला 'कॉझॅल्जिया' हे नाव दिले.

११/ आता एक विलक्षण योगायोग पाहा. त्याच १८६४ मध्ये त्याच तिघांनी आणखी एक लेख प्रसिद्ध केला. विषय होता : मज्जासंस्थेच्या रोगांचे सोंग करणारे सैनिक ओळखावेत कसे. म्हणजे या वेदनेचे वर्णन आणि या वेदनेवरचा संशय, दोन्ही एकाच वर्षी, एकाच टेबलावर लिहिले गेले. संशय हा या निदानाचा जुळा भाऊच म्हणायचा. सैनिकाच्या वाट्याला निदान ग्रंथ तरी आला. मुलांच्या वाट्याला फक्त संशय आला.

१२/ तो किती खोल होता हे एका आकड्यातून कळते. १९७७ मध्ये जो इलंड आणि जेन अँडरसन यांनी अमेरिकेतील एका रुग्णालयाच्या नोंदी तपासल्या. शस्त्रक्रिया झालेल्या २५ मुलांना मिळून वेदनाशामकाच्या २४ मात्रा दिल्या गेल्या होत्या. १३ मुलांना एकही नाही. तशाच निदानांच्या १८ प्रौढांना मिळाल्या ६७१ मात्रा. मुलांना दुखत नव्हते असे नाही. मुलांच्या दुखण्याची नोंद करण्याची पद्धत नव्हती.

१३/ १९८५ मध्ये अमेरिकेत एका अकाली जन्मलेल्या बाळावर वेदनाशमन न करता, केवळ हालचाल थांबवणारे औषध देऊन छातीची शस्त्रक्रिया झाली. बाळ पुढे दगावले. आईने नोंदी मागवल्या, त्या वाचल्या आणि जगापुढे मांडल्या. दस्तऐवज वाचणारी आई! १९८७ मध्ये इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातून शिकलेले कंवलजीत आनंद यांनी नवजात आणि गर्भस्थ अर्भकाच्या वेदनेवरील शास्त्रीय पुरावा पॉल हिकी यांच्यासह एकत्र मांडला, आणि 'बाळाला दुखत नाही' हा समज पुराव्यानिशी कोसळला. ही गोष्ट फक्त चाळीस वर्षांपूर्वीची आहे. आज निवृत्तीला आलेले अनेक डॉक्टर त्याआधी शिकलेले आहेत.

१४/ त्यानंतर मापे आली. हसऱ्या चेहऱ्यापासून रडक्या चेहऱ्यापर्यंत सहा चित्रांची वाँग–बेकर पट्टी १९८० च्या दशकात तयार झाली. न बोलणाऱ्या मुलाचा चेहरा, पाय, हालचाल, रडणे आणि शांत होणे यांना गुण देणारी फ्लॅक पद्धत १९९७ ची. वेदनाध्यायाची ती दूरची नात शोभावी. ही मापे उपयोगी आहेतच. परंतु ती 'किती दुखते' हे विचारतात. 'कसे दुखते' हे विचारत नाहीत. मज्जातंतूजन्य वेदनेचे मर्म 'कसे' यात असते.

१५/ 'कसे' विचारणारी साधनेही आहेत. रोनाल्ड मेलझॅक यांची १९७५ ची मॅकगिल प्रश्नावली मुळात वेदनेच्या शब्दांची यादीच आहे. २००५ ची 'डीएन-४' ही फ्रान्समध्ये तयार झालेली दहा मुद्द्यांची चाचणी : सात प्रश्न रुग्णाला विचारायचे, तीन गोष्टी स्पर्शाने तपासायच्या, दहापैकी चार जुळले तर मज्जातंतूंकडे संशयाची सुई वळते. मात्र ती प्रौढांसाठी बेतलेली आहे. मुलांना तेच प्रश्न त्यांच्या भाषेत, चित्रांत आणि उपमांत विचारावे लागतात.

१६/ आणि इथे आपली भाषा कामाला येते. डीएन-४ मधली सात लक्षणे मराठीत सांगून पाहा : भाजल्यासारखी आग, बोचरा गारठा, करंट बसल्यासारखी चमक, मुंग्या, सुया टोचणे, बधिरपणा, खाज. यातला एकही शब्द पाचवीतल्या मुलाला शिकवावा लागत नाही. मोल्सवर्थच्या कोशातही कळ, ठणका, चमक, शूळ हे वेगवेगळे शब्द आहेत, कारण बोलणाऱ्यांना ती वेगवेगळी दुखणी ठाऊक होती. 'ठणका' म्हटले की गळू आठवते, 'कळ' म्हटले की पोट. आणि स्पर्श सोसवत नाही अशा अवस्थेला आपल्याकडे 'हुळहुळणे' असा शब्द आहे.

१७/ अर्थात शब्द फसवतातही. 'नस' आणि 'शीर' हे शब्द आपण रक्तवाहिनीला वापरतो, मज्जातंतूला वापरतो आणि स्नायूबंधालाही. 'शीर दबली आहे' या वाक्याचा शारीरशास्त्रीय अर्थ त्यामुळे काहीच लागत नाही. म्हणून मुलाला शरीराची रेखाकृती काढून द्यावी, दुखते तिथे रंग भरायला सांगावे. अशा रंगपद्धती परदेशात १९७० च्या दशकापासून वापरात आहेत. लागते काय? एक कागद आणि चार खडू.

१८/ "हे सारे सुपर स्पेशालिटीचे विषय, खेड्यात कोण करणार?" असे कोणी म्हणेल. तर मग महाराष्ट्राचा स्वतःचा इतिहास पाहू. १९५१ मध्ये वर्ध्याला गांधी स्मारक कुष्ठरोग प्रतिष्ठान स्थापन झाले. सर्वेक्षण, शिक्षण आणि उपचार ही त्रिसूत्री तिथे घडली. १९५५ पासून राष्ट्रीय कुष्ठरोग नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. मुंबईत बॉम्बे लेप्रसी प्रोजेक्ट १९७६ पासून वस्त्यांमध्ये काम करू लागला. या कामात शाळांची तपासणी हा नेहमीचा भाग होता.

१९/ त्या तपासणीत काय होई? मुलाच्या अंगावरचा चट्टा पाहायचा. डोळे मिटायला सांगायचे. कापसाच्या टोकाने अलगद स्पर्श करायचा आणि 'कुठे लागले ते बोटाने दाखव' म्हणायचे. मग कोपराच्या मागचा मज्जातंतू बोटांनी चाचपून तो जाड झाला आहे का, दाबल्यावर दुखतो का, हे पाहायचे. हे करणारे पुष्कळदा डॉक्टरही नसत. प्रशिक्षण घेतलेले आरोग्य कर्मचारी असत. म्हणजे लहान मुलांच्या मज्जातंतूंची तपासणी आपण शाळेच्या पडवीत, मराठीत, यंत्राविना केलेली आहे.

२०/ मात्र ती तपासणी संवेदना हरवली आहे का हे शोधत होती. संवेदना अतोनात वाढली आहे का, हे शोधणे तिचे काम नव्हते. कापूस तोच, 'कळले का?' याच्या जोडीला 'दुखले का?' हा प्रश्न विचारायचा राहिला. तो विचारल्यावर काय हाती लागते, हे मुंबईतच दिसले. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, बॉम्बे लेप्रसी प्रोजेक्टचा सहभाग असलेल्या एका अभ्यासात कुष्ठरोगाचे उपचार पूर्ण केलेल्या १०१ व्यक्तींपैकी २२ जणांना मज्जातंतूजन्य वेदना होती. रोग बरा झाला म्हणून ज्यांची नावे यादीतून उतरली, त्यांची वेदना त्या यादीबरोबर उतरली नव्हती.

२१/ आता वर्तमान. फेब्रुवारी २०१३ मध्ये राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ झाला तो पालघरमध्ये. तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यातच होते, वेगळा जिल्हा १ ऑगस्ट २०१४ पासून. म्हणजे या योजनेची जन्मभूमी आमचाच जिल्हा. फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जावीत, अशी तिची रचना. जन्मतः असलेले दोष, कमतरता, आजार आणि विकासातील विलंब अशा, आरंभी ठरवलेल्या ३० बाबींसाठी मुले तपासायची. दात, कान, डोळे, हृदय, त्वचा, फेफरे, सारे त्या यादीत आहे. दीर्घकाळ टिकणारी वेदना त्या यादीत नाही.

२२/ माझी मागणी छोटी आहे. त्या तपासणीत तीन प्रश्न घालावेत. एक : तीन महिन्यांहून अधिक काळ कुठे दुखते आहे का? दोन : ते कसे दुखते, तुझ्या शब्दांत सांग, आणि ते शब्द जसेच्या तसे मराठीत लिहावेत. तीन : कपडा किंवा पाणी लागले तरी दुखते का? 'हो' म्हणणाऱ्या मुलाला कापसाचा स्पर्श दोन्ही बाजूंनी करून पाहावा आणि फरक दिसला तर पुढे पाठवावे. पथकातील डॉक्टर आयुष शाखेचे असतात. कौमारभृत्य त्यांच्या अभ्यासक्रमात असते. वेदनाध्याय परीक्षेपुरता वाचायचा नसेल, तर तो वापरायची जागा हीच.

२३/ यावरचा गंभीर आक्षेप मला ठाऊक आहे : मुले अतिशयोक्ती करतात, आणि प्रत्येक तक्रारीच्या मागे धावले तर तपासण्यांचा पूर येईल. पहिल्या भागाला उत्तर साधनचिकित्सेत आहे. साक्षीदाराची परीक्षा करावी, पण साक्ष न नोंदवता ती खोटी ठरवू नये. दुसऱ्या भागाला उत्तर त्या मुलीच्या पिशवीत होते. तीन दवाखान्यांत तिचे दोन एक्स-रे, एक एमआरआय आणि रक्ताच्या अनेक चाचण्या झाल्या होत्या. पूर आधीच आलेला आहे. तो न ऐकल्यामुळे येतो. शाळेची भीती, घरातली ओढाताण हेही जरूर विचारावे. पण मनावर ताण आहे म्हणून वेदना खोटी ठरत नाही.

२४/ उशिराची किंमत काय? १९९२ मध्ये अमेरिकेतून अशाच विकाराच्या ७० मुलामुलींची माहिती प्रसिद्ध झाली. बहुसंख्य मुली होत्या, बहुतेकांचा पायच दुखत होता, आणि इजेपासून निदानापर्यंत सरासरी एक वर्ष गेले होते. आमची मुलगी त्या वर्णनात तंतोतंत बसते. या विकारात पाय वापरता ठेवणे, व्यायाम आणि स्पर्शाची हळूहळू पुन्हा सवय करणे हा उपचाराचा कणा. आणि निदान न झालेल्या मुलाला सल्ला मिळतो तो 'पाय हलवू नको' असा. जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२० मध्ये मुलांच्या दीर्घकालीन वेदनेवर जी मार्गदर्शक तत्त्वे दिली, त्यांतही औषधांबरोबर शारीरिक आणि मानसिक उपचारांची सांगड घातलेली आहे.

२५/ त्याच वर्षी वेदना-अभ्यासकांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने वेदनेची १९७९ ची व्याख्या सुधारली. सोबतच्या टिपांत त्यांनी स्पष्ट केले की बोलून सांगणे हा वेदना व्यक्त करण्याच्या अनेक मार्गांपैकी एक आहे, आणि सांगता येत नाही म्हणून वेदना नाही असे होत नाही. माणसाच्या सांगण्याचा मान राखावा, असेही त्यात आहे. कश्यपसंहितेतल्या प्रश्नाला मिळालेले हे विसाव्या–एकविसाव्या शतकाचे उत्तर, मधल्या काळातल्या सगळ्या मुलांच्या पाठीवरून वळसा घालून आलेले.

२६/ ती मुलगी आता बरी आहे. रोज संध्याकाळी आजी तिच्या पायावरून आधी मऊ फडके, मग टॉवेल, मग पायपुसणे फिरवत असे. फिजिओथेरपिस्टने तसे शिकवले होते. दिवाळीनंतर ती पुन्हा चालत शाळेत जाऊ लागली. तिचे चारही केसपेपर मी पाहिले. चौथ्यावर, इंग्रजी मजकुराच्या मधोमध, डॉक्टरांनी देवनागरीत एक ओळ लिहिली होती : 'पायाखाली निखारे ठेवल्यासारखं.' संपूर्ण पिशवीत निदानाला उपयोगी पडलेला कागद तोच.

२७/ हा थ्रेड वाचणाऱ्यांत शिक्षक असतील, आशा सेविका असतील, आईवडील असतील. वर्गात एखादे मूल एका पायावर भार देत नसेल, एका हाताला बाही लागू देत नसेल, तर 'नाटक करू नकोस' म्हणण्याआधी एवढेच विचारा : कसं दुखतं? आणि जे उत्तर येईल ते तिच्याच शब्दांत लिहून दवाखान्यात सोबत न्या. (समाप्त)